निरोपाची खाती : अंतरवाली सराटी आणि गोदाकाठचा संदेशव्यवहार

अंतरवाली सराटी हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील गाव. धुळे-सोलापूर महामार्ग पाचोडवरून वडीगोद्रीला येतो, पुढे शहागडला गोदावरी ओलांडतो आणि बीड जिल्ह्यात गेवराईकडे निघून जातो. या पट्ट्यात वडीगोद्रीपासून जवळच हे गाव आहे. त्याचे नाव जोडनाव आहे. मराठवाड्यात अंतरवाली नावाची गावे अनेक. शेजारच्या घनसावंगी तालुक्यातच अंतरवाली टेंभी आहे. नुसते ‘अंतरवाली’ म्हटले तर निरोप भलत्याच गावी जायचा. जोडनावामुळे गावाला स्वतःचा पत्ता मिळतो.

२०२३ पर्यंत हा पत्ता तालुक्याबाहेर फारसा कुणाला ठाऊक नव्हता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात तो महाराष्ट्रभर झाला, आणि तो पोचवला मोबाइल फोनने. फोनवरचा निरोप मात्र सोयरीक, बाजार, सप्ताह, वारी या जुन्याच वाटांवरून धावला. भावकीशी वेगळे बोलायचे, सोयऱ्यांशी वेगळे, गावाशी वेगळे, आणि ही सगळी खाती एकाच माणसाने सांभाळायची, हे गोदाकाठाला फोनने शिकवलेले नाही. फोन आला तेव्हा ही विद्या इथे मुरलेली होती.

सांगावा, आवतण, दवंडी

अंबडचा परिसर १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. गावात लिहिता-वाचता येणारी माणसे थोडी होती, म्हणून निरोप तोंडी जायचे. कोणता निरोप कुणी, कसा न्यायचा हे ठरलेले असे.

साऱ्या गावासाठीचा निरोप दवंडीने दिला जाई. सारावसुली, अंमलदाराची फेरी, जत्रेचा दिवस अशा गोष्टी वेशीपासून गल्लीगल्लीत पुकारल्या जात. पाहुण्यांसाठीचा निरोप म्हणजे सांगावा. आठवडी बाजारात पाहुण्यांच्या गावचा माणूस भेटला की त्याच्याकडे तो द्यायचा. त्याची ना चिठ्ठी ना पावती. ज्याने तो स्वीकारला त्याच्यावर तो पोचवण्याची जबाबदारी येई. सांगावा विसरणाऱ्या माणसावर पुढे कुणी विश्वास टाकत नसे.

लग्नकार्याचे बोलावणे म्हणजे आवतण. ते अक्षता देऊन, घरी जाऊन करायचे. त्यातही पायऱ्या होत्या. कुणाच्या घरी एकाच माणसाला जेवायला बोलावले जाई, तर कुणाला चूलबंद आवतण असे. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचे. आवतण कोणत्या शब्दांत आले यावरून नात्याची जवळीक कळत असे. सासरी असलेल्या लेकीला सणासाठी आणायला माहेरहून माणूस जाई. त्याला मुराळी म्हणत आणि त्या बोलावण्याला मूळ. मूळ आल्याशिवाय लेक माहेरी निघत नसे. दुःखाच्या बातमीला आवतण नसते. कानावर आली की निघायचे, एवढाच तिचा नियम होता आणि आजही आहे.

ज्या बायकांना सांगावाही धाडता येत नसे, त्या जात्यावर बसून भावाला, आईला, विठ्ठलाला उद्देशून ओव्या गात. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या अशा १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेरची ओढ हा त्यांतला मोठा विषय आहे. जे निरोप कधी पोचलेच नाहीत, त्यांचा हा सर्वांत मोठा साठा म्हणता येईल.

या व्यवस्थेची दुसरी बाजू कठोर होती. दवंडी देणारा, वेस राखणारा, कुणाच्या मौतीची बातमी घेऊन उन्हातान्हात परगावी चालत जाणारा येसकर महार समाजातला असे. हे काम त्याच्या निवडीचे नव्हते, जातीने गळ्यात घातलेले होते. त्याचा मोबदला गावाच्या मर्जीवर अवलंबून असे. शेजारच्या मुंबई इलाख्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक विधिमंडळात मांडले, ते याच जाचाविरुद्ध. जो माणूस साऱ्या गावाची नाती जोडत फिरत होता, त्याला त्या नात्यांच्या पंगतीत जागा नव्हती. जुन्या निरोपाचे गुण सांगताना हा अन्याय वगळला तर इतिहास खोटा ठरेल.

आहेराची वही

तोंडी निरोपाच्या काळातही एक गोष्ट आवर्जून लिहून ठेवली जात असे, ती म्हणजे आहेर. लग्नाच्या मांडवात एका बाजूला सतरंजीवर भावकीतला चांगल्या अक्षराचा माणूस वही घेऊन बसतो. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि हळदीकुंकवाची बोटे. खाली एकेका ओळीत नाव, गाव आणि आहेर : कुणाचे लुगडे, कुणाचे भांडे, कुणाची रोख रक्कम. आहेर करणारा वहीजवळ वाकून आपले नाव बरोबर लिहिले गेले का ते पाहतो आणि मगच पंगतीकडे वळतो.

कार्य उरकले की वही फडताळात जाते. काही वर्षांनी त्या ओळीतल्या घरी लग्न निघाले की ती पुन्हा बाहेर येते. त्यांनी काय केले होते ते पाहून, त्यात थोडी भर घालून आहेर फेडला जातो. या भर घालण्यात मोठा अर्थ आहे. जेवढे आले तेवढेच परत केले तर हिशेब मिटतो; थोडे जास्त दिले की समोरच्यावर पुन्हा काहीतरी देणे राहते आणि येणे-जाणे चालू राहते. व्यापाऱ्याच्या खतावणीत खाते मिटले की समाधान वाटते. आहेराच्या वहीत खाते मिटू नये याचीच काळजी घेतली जाते.

या वहीला जोड होती वंशावळीची. त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या आहेत. यात्रेला किंवा श्राद्धविधीला गेलेला माणूस तिथे आपले, वाडवडिलांचे आणि मुलांचे नाव घालून येतो. गावोगाव फिरणारे भाट काही कुळांच्या पिढ्यांची नोंद ठेवत. कोण कुणाचा कोण, याचा पुरावा म्हणून अशा नोंदींचे मोल पुढे एकविसाव्या शतकात अचानक वाढले.

कार्ड

हैदराबाद संस्थानचे स्वतःचे टपालखाते होते. त्याचे पहिले तिकीट १८६९ मध्ये निघाले. १८७१ पासूनच्या तिकिटांवर उर्दू, इंग्रजी आणि तेलुगूबरोबर मराठी अक्षरेही होती. राज्यकारभाराची भाषा वेगळी असली तरी पत्र लिहिणारा माणूस मराठी आहे, याची ती कबुली होती. ब्रिटिश मुलखात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला सुरू झाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनमाड-सिकंदराबाद रेल्वे जालन्यावरून धावू लागली आणि दूरच्या टपालाला वेग आला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. १ एप्रिल १९५० रोजी संस्थानचे टपाल भारतीय टपालखात्यात विलीन झाले.

कार्डाने सांगाव्याच्या रीती मोडल्या नाहीत, त्या कागदावर उतरवल्या. लग्नाच्या कार्डाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागे. मौतीच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. पोस्टमनच्या हातात तसे कार्ड दिसले की वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होई. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनाही कार्ड कळत होते, ते असे. मजकुराची सुरुवात ‘विनंती विशेष’ने, शेवट थोरांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद कळवून. शेवटच्या त्या ओळींत चुलता, मावशी, शेजारचे आबा, सगळ्यांची नावे दाटीवाटीने येत. कार्ड एकाच्या नावाचे असले तरी खाती साऱ्या वाड्याची असत. आपले नाव राहिले तर माणूस रुसे, म्हणून लिहिणारा शेवटची ओळ समासात उभी लिहीत जाई.

कार्ड उघडे असल्यामुळे त्यात गुपित राहत नसे. ते पोस्टमन वाचून दाखवी, तेव्हा अंगणात चार माणसे ऐकत असत. खाजगी मजकुरासाठी आंतर्देशीय पत्र आणि पाकीट होते. कुणाला कार्ड, कुणाला पाकीट आणि कुणाकडे स्वतः जायचे, याचे तारतम्य प्रत्येक घराला होते.

कालवा, एसटी आणि बूथ

१९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला आणि अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यातून त्यात आला. या काळात परिसर बदलला तो पाण्याने. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. डाव्या कालव्याच्या पाण्यावर अंबड, घनसावंगीकडे ऊस वाढला आणि अंकुशनगरला साखर कारखाना उभा राहिला. मोसंबी ही तर जालन्याची ओळख बनली.

पाण्याबरोबर नाती वाढली. कारखान्याचा स्लिप बॉय, ऊसतोडीचा मुकादम, बाग विकत घेणारा व्यापारी, बँकेचा साहेब ही माणसे भावकीत बसणारी नव्हती, तरी त्यांच्याशी बोलणे ठेवावे लागे. निरोप आता एसटीच्या वाहकाकडे, दुधाच्या गाडीकडे दिला जाऊ लागला.

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने खेड्यांना परवडतील अशी छोटी टेलिफोन एक्स्चेंज तयार केली. त्यानंतर महामार्गावरच्या गावांत एसटीडी-पीसीओचे पिवळे फलक लागले. रात्री दर उतरत, म्हणून रात्रीच बूथवर गर्दी होई. लग्नपत्रिकेत फोन नंबरापुढे ‘पीपी’ ही अक्षरे दिसू लागली. नंबर शेजाऱ्याचा, फोन आला की शेजारी हाक मारायचा. एका यंत्रावर आठ-दहा घरांची खाती चालत. नंतर मोबाइल आला तेव्हा बोलण्याचे पैसे लागत, म्हणून मिस्ड कॉलची भाषा निघाली : एक घंटी म्हणजे पोचलो, दोन म्हणजे फोन कर. कोपरा फाडलेल्या कार्डासारखीच ही अक्षराविना वाचायची खूण होती.

ग्रुप

२०१६ हे वर्ष या इतिहासात वळणाचे आहे. सप्टेंबरात जिओ आल्यावर मोबाइल इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि शेतात काम करणाऱ्या माणसाच्या खिशातही व्हॉट्सॲप आले. त्याच वर्षी इन्स्टाग्रामवर एकाच फोनवरून अनेक खाती चालवण्याची सोय झाली. गावातल्या एका तरुणाच्या फोनमध्ये भावकीचा ग्रुप, गावाचा ग्रुप, दहावीच्या वर्गमित्रांचा, सप्ताह समितीचा, मोसंबी बागायतदारांचा आणि पक्षाचा असे वेगवेगळे ग्रुप दिसू लागले. दोन सिमकार्डे असली तर एक नंबर घरच्यांसाठी, दुसरा व्यवहारासाठी. भावकीच्या ग्रुपवर तो ‘रामकृष्णहरी’ म्हणतो, वर्गमित्रांच्या ग्रुपवर थट्टा करतो, बागायतदारांच्या ग्रुपवर भाव विचारतो. जुन्या काळी कुणाला कार्ड आणि कुणाला पाकीट हे जसे ठरत असे, तसेच हे आहे.

१३ जुलै २०१६ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील कोपर्डीत एका मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली. त्याच्या निषेधार्थ ९ ऑगस्टला औरंगाबादमध्ये पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला आणि वर्षभरात राज्यात असे ५८ मोर्चे झाले. तारीख, मार्ग, शिस्तीचे नियम फोनवरून सर्वदूर गेले. पण मोर्चे उभे राहिले ते तालुक्यातालुक्यांतल्या बैठकांवर. घोषणा द्यायची नाही, मुली पुढे राहतील, निवेदन त्याच देतील, मागचा कचरा स्वयंसेवक उचलतील, हे नियम फोनवर कळले. ते पाळले गेले, कारण शेजारून चालणारा माणूस आपल्याच गावचा होता.

याच माध्यमाने काय होऊ शकते, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनाफोनी फिरत होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या दारोदार फिरून आशीर्वाद दिले, त्यांनाच एका निनावी मजकुराने परके केले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. सांगावा आणणाऱ्याला नाव असे, गाव असे, त्याला जाब विचारता येई. पुढे ढकललेल्या मजकुराला धनीच नसतो. त्याचा खरा धोका तिथे आहे.

२०२३ चा ऑगस्ट आणि पुढे

सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी मराठा आरक्षणाचा कायदा रद्द केला. अंबड तालुक्यात त्याआधीच, साष्टपिंपळगावात, मनोज जरांगे पाटील यांचे या आरक्षणासाठीचे आंदोलन झाले होते. जरांगे मूळचे गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यातल्या मातोरीचे आणि राहायला अंकुशनगरला. नदीच्या दोन्ही काठांवर त्यांची ओळखपाळख होती. २९ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांनी अंतरवाली सराटीत उपोषण सुरू केले. १ सप्टेंबरला पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधुराचा वापर झाला. आंदोलक जखमी झाले, पोलीसही झाले. फोनवर घेतलेली दृश्ये त्याच संध्याकाळी राज्यभर पोचली. दुसऱ्या दिवसापासून शरद पवार, उद्धव ठाकरे, राज ठाकरे गावात येऊन गेले. ठिकठिकाणी बंद झाले, एसटी गाड्याही जळाल्या. १४ सप्टेंबरला, सतराव्या दिवशी, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतः गावात आले आणि उपोषण सुटले.

यानंतर जरांगे गावोगावी फिरले. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत भरलेल्या सभेला राज्यभरातून लाखोंचा समुदाय आला. सभेचा संदेश फोनने नेला, पण सभेआधीचा हा दौरा म्हणजे दारात जाऊन केलेले आवतणच होते. पुढच्या काही आठवड्यांत गावोगावी साखळी उपोषणे बसली आणि वेशींवर पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले. जिथे पूर्वी दवंडीला सुरुवात होई, त्याच वेशीवर गावाने आपला निरोप लिहून लावला. योगायोगाने याच सप्टेंबर-ऑक्टोबरात फेसबुकने एका माणसाला अनेक प्रोफाइल ठेवण्याची आणि व्हॉट्सॲपने एका फोनवर दोन खाती चालवण्याची सोय जाहीर केली.

आरक्षणासाठी मराठा कुटुंबे मूळची कुणबी असल्याच्या नोंदींवर आंदोलनाचा मुद्दा आला तेव्हा जुनी दप्तरे उघडली. न्या. संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन कागद तपासायला घेतले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. घरोघरी शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी बाहेर निघाल्या, वंशावळी नव्याने मांडल्या गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये अंतरवालीहून निघालेला मोर्चा वाशीत पोचला, तेव्हा सरकारने जी मसुदा अधिसूचना काढली तिच्या केंद्रस्थानी ‘सगेसोयरे’ हा शब्द होता. सोयरीक सिद्ध करायला तिने दोन गोष्टी मागितल्या : नातलगाचे शपथपत्र आणि गृहचौकशी. नाते खरे की खोटे हे ठरवायला शासनालाही शेवटी माणसाचा शब्द आणि घरचा उंबरा लागला.

आंदोलनामुळे २६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या जिल्ह्यांत इंटरनेट काही तासांसाठी बंद झाले. हजारो ग्रुप एका आदेशाने मुके होतात, हे त्या दिवशी कळले.

त्याच वर्षी जूनमध्ये ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी वडीगोद्रीत उपोषण केले. दोन मागण्यांची दोन ठिकाणे, आणि दोहोंमध्ये थोड्याच अंतराचा एक रस्ता. समाजमाध्यमांवर दोन्ही बाजूंनी कडवट मजकूर फिरला. एकाच शिवारात शेजारी नांगरणारी, एकाच एसटीने जाणारी माणसे फोनवर परस्परविरोधी ग्रुपांत विभागली. इतकी खाती असूनही दोन्ही बाजू जिथे एकमेकांचे ऐकतील असे खाते मात्र फोनवर नव्हते. ते पारावर, बाजारात आणि सप्ताहाच्या पंगतीतच होते. गोदाकाठच्या समाजाने जपायला हवी ती हीच जागा.

ऑगस्ट २०२५ मध्ये अंतरवालीहून पुन्हा मुंबईकडे कूच झाले. २९ ऑगस्टपासून आझाद मैदानावर उपोषण झाले आणि २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटमधील कुणबी नोंदींविषयीचा शासन निर्णय निघाला. मैदानावर जेवणाची अडचण झाल्याची बातमी फोनवरून पसरताच गावांनी भाकरी, चटणी, ठेचा गाड्या भरून पाठवला. घराघरातून भाकरी गोळा करायची ही रीत सप्ताहात मुरलेली. निरोप तेवढा नव्या वाटेने आला. नोंदींच्या चौकशीसाठी त्या निर्णयाने नेमल्या त्या समित्याही गावपातळीवरच्याच आहेत.

आजची रीत

आता लग्नपत्रिका आधी व्हॉट्सॲपवर येते आणि तिच्याखाली ‘हेच अगत्याचे निमंत्रण समजावे’ अशी ओळ असते. ओळखीच्या शेकडो माणसांना ती पुरते. भावकी, मामा, लेकीचे सासर अशा मोजक्या घरी मात्र अजूनही पत्रिका आणि अक्षता घेऊन माणूस जातो. तिथे फक्त फोनवर पत्रिका टाकली तर तो अपमान ठरतो. काही पत्रिकांवर आहेर आणू नये असे छापतात. जिथे आहेर होतो तिथे तो फोनवरूनही येतो, आणि अनेक घरी तोही नाव, गाव, रक्कम अशा ओळीत वहीत उतरवून ठेवतात. पैसे आल्याचा निरोप फोनमध्ये राहतो; फेडायचे कुणाचे, हे वही सांगते.